टायर रोटेशन

टायर रोटेशन म्हणजे मोटारगाडीच्या चाकांच्या जागा ठरावीक अंतर धावल्यानंतर ठरावीक क्रमाने बदलण्याची देखभाल-पद्धत होय. मराठीत तिला टायरांची अदलाबदल असेही म्हटले जाते. एकाच दिवशी, एकाच मापाचे चार टायर बसवले तरी ते सारख्या गतीने झिजत नाहीत. गाडीतील प्रत्येक जागेचे काम निराळे असल्याने प्रत्येक टायरच्या झिजेचे प्रमाण आणि स्वरूपही निराळे असते. जागा पाळीपाळीने बदलल्यास हा फरक वाढत जात नाही आणि चारही टायरांची पकड जवळपास समान राहते. सामान्यतः टायर रिमवरून उतरवला जात नाही. रिमसह संपूर्ण चाकच एका जागेवरून काढून दुसऱ्या जागी बसवले जाते.

असमान झिजेची कारणे

टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या, खाचा पाडलेल्या भागास ट्रेड म्हणतात. या खाचांची खोली हे टायरच्या उरलेल्या आयुष्याचे मुख्य माप मानले जाते. कारच्या नव्या टायरमध्ये ही खोली साधारणतः ८ मिलिमीटरच्या आसपास असते.

आजच्या बहुतेक लहान व मध्यम कारमध्ये इंजिन पुढे असते आणि त्याची शक्तीही पुढच्याच चाकांना मिळते. या रचनेस फ्रंट-व्हील ड्राइव्ह म्हणतात. अशा गाडीच्या पुढच्या टायरांवर चार कामे एकत्र येतात : इंजिन व गिअरबॉक्सचे वजन पेलणे, गाडी ओढणे, वळवणे आणि ब्रेकचा बहुतांश ताण सोसणे. ब्रेक लावताच गाडीचा भार पुढे सरकतो, त्यामुळे थांबवण्याच्या कामातही पुढच्या टायरांचा वाटा मोठा असतो. मागचे टायर प्रामुख्याने मागील भार वाहतात व गाडी सरळ रेषेत ठेवतात. परिणामी पुढचे टायर पुष्कळ लवकर झिजतात आणि वळणावरील घासणीमुळे त्यांच्या कडा विशेष झिजतात.

इंजिनाची शक्ती मागच्या चाकांना मिळत असेल, म्हणजे रिअर-व्हील ड्राइव्ह रचना असेल, तर ढकलण्याचे काम मागच्या व वळवण्याचे काम पुढच्या टायरांकडे जाते. पुढील व मागील झिजेतील फरक त्यामुळे तुलनेने कमी होतो, मात्र झिजेचे स्वरूप भिन्नच राहते.

डाव्या-उजव्या बाजूंतही फरक पडतो. भारतात वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. चौकातील वर्तुळाला वळसा घालताना गाडी उजवीकडे वळत राहते आणि भार डावीकडच्या टायरांवर जातो. पाणी वाहून जावे म्हणून रस्ता मध्यभागी उंच व कडेला उतरता केलेला असतो. या उतारामुळे आणि कडेचे खड्डे, खडी व फुटलेली साइडपट्टी यांमुळेही डाव्या टायरांवर अधिक ताण येतो.

इतिहास

हवा भरलेल्या टायरचे पेटंट जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये घेतले. सुरुवातीच्या काळात टायर वारंवार पंक्चर होत आणि गाडीसोबत जादा चाक देण्याची प्रथा नव्हती. वेल्समधील लानेली या गावी डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास जादा चाक तयार करून विकण्यास आरंभ केला. त्यांचे दुकान स्टेपनी स्ट्रीट या रस्त्यावर होते. त्या रस्त्याचेच नाव चाकाला पडले आणि जादा चाकासाठी स्टेपनी हा शब्द मराठीसह अनेक भारतीय भाषांत रूढ झाला.

टायर जपून वापरण्याचा प्रश्न दुसऱ्या महायुद्धात राष्ट्रीय महत्त्वाचा बनला. १९४२ च्या आरंभी जपानने मलाया व डच ईस्ट इंडीज ताब्यात घेतल्याने अमेरिकेला होणारा नैसर्गिक रबराचा पुरवठा तुटला. जानेवारी १९४२ मध्ये तेथे टायरांचे रेशनिंग सुरू झाले. पुढे खासगी मोटारमालकाला एका गाडीमागे पाचच टायर बाळगण्याची मुभा उरली आणि रबर वाचवण्यासाठी देशभर ताशी ३५ मैल, म्हणजे सुमारे ५६ किलोमीटर, अशी वेगमर्यादा लागू करण्यात आली. हवेचा दाब तपासणे व टायरांच्या जागा पाळीपाळीने बदलणे यांसारख्या सवयींना या टंचाईच्या काळात विशेष महत्त्व आले.

मिशेलिन कंपनीने १९४६ मध्ये रेडियल टायरचे पेटंट घेतले. सुरुवातीच्या रेडियल टायरांची फिरण्याची दिशा बदलू नये, असा सल्ला दिला जात असे. त्यामुळे चाके एकाच बाजूला पुढून मागे व मागून पुढे हलवली जात. टायरांच्या रचनेत सुधारणा झाल्यावर हा निर्बंध मागे पडला आणि आज बहुतेक रेडियल टायर तिरकस पद्धतीनेही बदलले जातात.

भारतात अनेक दशके प्रचलित असलेल्या अँबेसिडर व प्रीमियर पद्मिनी या गाड्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या होत्या. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० पासून पुढच्या चाकांवर चालणाऱ्या कारचा प्रसार झाला आणि पुढचे टायर लवकर झिजण्याचा अनुभव सामान्य कारमालकाच्या वाट्याला आला.

पद्धती

चाके कोणत्या क्रमाने बदलावीत हे गाडीची शक्ती कोणत्या चाकांना मिळते, टायरची नक्षी कशी आहे आणि चारही टायर एकाच मापाचे आहेत का, यांवर ठरते.

- फ्रंट-व्हील ड्राइव्ह गाडी : पुढची दोन्ही चाके आपापल्या बाजूने सरळ मागे नेली जातात. मागची चाके बाजू बदलून पुढे येतात, म्हणजे मागचे डावे चाक पुढे उजवीकडे व मागचे उजवे चाक पुढे डावीकडे बसते.

- रिअर-व्हील ड्राइव्ह व चारही चाकांना शक्ती मिळणारी गाडी : मागची चाके सरळ पुढे आणली जातात आणि पुढची चाके बाजू बदलून मागे जातात.

- फुलीची पद्धत : चारही चाके कर्णरेषेत परस्परांच्या जागी जातात. वरील पद्धतींना पर्याय म्हणून ती काही गाड्यांत वापरली जाते.

- दिशादर्शक टायर : ज्या टायरच्या बाजूच्या भिंतीवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असतो, तो त्याच दिशेने फिरला तरच त्याच्या खाचांतून पाणी नीट बाहेर फेकले जाते. असे टायर त्याच बाजूला पुढे-मागे बदलले जातात. बाजू बदलायची झाल्यास टायर रिमवरून उतरवून उलट बसवावा लागतो.

- पुढे व मागे भिन्न मापाचे टायर : यांत केवळ डाव्या-उजव्या चाकांची अदलाबदल शक्य असते. टायर दिशादर्शकही असल्यास साधी अदलाबदल करता येत नाही.

- पाच चाकांची पद्धत : स्टेपनी अन्य चाकांच्याच मापाची व प्रकारची असल्यास तिलाही क्रमात घेतात. फ्रंट-व्हील ड्राइव्ह गाडीत मागच्या एका चाकाच्या जागी स्टेपनी येते व एरवी त्या जागी जाणारे पुढचे चाक डिकीत जाते. आकाराने लहान, तात्पुरत्या वापराची स्टेपनी या क्रमात कधीही घेतली जात नाही.

गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेला क्रम अन्य कोणत्याही सर्वसाधारण क्रमापेक्षा ग्राह्य मानावा.

कालावधी

कारसाठी ही अदलाबदल साधारणतः दर ८,००० ते १०,००० किलोमीटरनंतर केली जाते. खराब रस्ते, घाटातील नित्य प्रवास किंवा सततचा जड भार असल्यास ती ५,००० किलोमीटरनंतरही करणे योग्य ठरते. अनेक गाड्यांची नियमित सर्व्हिसिंग १०,००० किलोमीटरला असल्याने दोन्ही कामे एकत्र उरकली जातात. अंतराऐवजी थेट झीज मोजणे हा अधिक अचूक मार्ग होय. पुढच्या व मागच्या टायरांच्या खाचांच्या खोलीत सुमारे १.५ मिलिमीटरचा फरक दिसू लागताच जागा बदलाव्यात, असा निकष काही वाहन उत्पादक देतात. विजेवर चालणाऱ्या गाड्या बॅटरीमुळे वजनदार असतात आणि त्यांच्या मोटारीचा जोर चाकांवर तत्काळ येतो. अशा गाड्यांत शक्ती मिळणाऱ्या चाकांकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

फायदे

समान झीज आणि तिचे गणित

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. नव्या टायरच्या खाचा ८ मिलिमीटर खोल असून १.६ मिलिमीटर ही वापराची अखेरची मर्यादा आहे, म्हणजे झिजण्यासाठी ६.४ मिलिमीटर उपलब्ध आहेत. पुढचे टायर दर १०,००० किलोमीटरमागे १.६ मिलिमीटर व मागचे ०.८ मिलिमीटर झिजतात, असे मानू. जागा कधीच बदलल्या नाहीत, तर पुढचे टायर ४०,००० किलोमीटरला संपतात आणि त्या वेळी मागच्या टायरांत ४.८ मिलिमीटर खोली शिल्लक असते. दर १०,००० किलोमीटरला जागा बदलल्यास प्रत्येक टायरची सरासरी झीज १.२ मिलिमीटर होते आणि चारही टायर ५०,००० ते ५३,००० किलोमीटरच्या सुमारास जवळपास एकदमच संपतात.

पहिली खरेदी येथे पुढे ढकलली जाते. मात्र दीर्घकाळाचा हिशेब केला तर दोन्ही प्रकारांत दर किलोमीटरमागे लागणारे रबर सारखेच भरते, कारण पहिल्या प्रकारात मागचे दोन टायर ८०,००० किलोमीटर टिकतात. केवळ जागा बदलल्याने रबराची बचत होते, हा समज म्हणून अपुरा आहे. खरी बचत अनियमित झीज टळल्याने होते. एका कडेने पूर्ण घासलेला टायर मध्यभागी भरपूर नक्षी असूनही बाद करावा लागतो. तीच कड वेळीच दुसऱ्या जागी गेली, तर तिच्यावरील ताण बदलतो आणि संपूर्ण नक्षी वापरून होईपर्यंत टायर उपयोगी राहतो.

गाडीवरील ताबा

चारही टायरांची पकड सारखी असल्यास ब्रेक लावताना व वळताना गाडीचे वर्तन अंदाजानुरूप राहते. चार टायर एकाच सुमारास संपत असल्याने नवा संचही एकाच बनावटीचा व नक्षीचा घेता येतो. जुन्या-नव्या आणि भिन्न नक्षीच्या टायरांची सरमिसळ त्यामुळे टळते.

आवाज व कंपने

फ्रंट-व्हील ड्राइव्ह गाडीच्या मागच्या टायरांवर भार कमी असतो. दीर्घकाळ एकाच जागी राहिल्यास त्यांच्या नक्षीचे ठोकळे एका बाजूने अधिक झिजतात आणि हात फिरवल्यास करवतीच्या दात्यांसारखे लागतात. अशा टायरांचा घरघर आवाज येऊ लागतो व तो पुष्कळदा चाकाच्या बेअरिंगचा दोष समजला जातो. हे टायर वेळीच पुढे आणल्यास उंचवटे वाढत नाहीत.

चारही चाकांवर चालणाऱ्या गाड्या

झिजलेल्या टायरचा परीघ कमी झाल्याने त्याला तेच अंतर कापण्यासाठी अधिक फेरे घ्यावे लागतात. चारही चाकांना कायम शक्ती देणाऱ्या गाडीत टायरांचे परीघ भिन्न झाल्यास डिफरन्शिअल व क्लचसारख्या भागांवर सतत ताण येतो. अशा गाडीत नियमित अदलाबदल ही या महागड्या भागांची राखणही ठरते.

दोष लवकर लक्षात येणे

चाक काढल्यावर टायरची आतली बाजू प्रकाशात येते. एरवी न दिसणारे चिरे, फुगवटे, रुतलेले खिळे तसेच झिजलेले ब्रेक पॅड या वेळी दिसतात. झिजेच्या ठशावरून कारणही उमगते. मध्यभागी झीज अधिक असल्यास हवा जास्त, दोन्ही कडांना अधिक असल्यास हवा कमी, एकाच कडेला असल्यास चाकांची अलाइनमेंट बिघडलेली आणि जागोजागी खळगे पडले असल्यास शॉक अ‍ॅब्सॉर्बर किंवा बॅलन्सिंगमध्ये दोष असण्याचा संभव असतो.

पावसाळा आणि मागच्या टायरांची पकड

ओल्या रस्त्यावर टायरच्या खाचा पाणी बाजूला सारतात. खाचा उथळ झाल्या व वेग अधिक असला, तर पाणी वेळेत बाहेर पडत नाही आणि टायर पाण्याच्या थरावर तरंगू लागतो. या घटनेस अ‍ॅक्वाप्लेनिंग म्हणतात. कोकण, सह्याद्रीतील घाट आणि द्रुतगती महामार्ग यांवर पावसाळ्याचे चार महिने हा धोका असतो.

पुढचे टायर असे तरंगले तर गाडी वळण्याऐवजी सरळ जाऊ लागते. वेग कमी करताच ताबा परत मिळण्याची शक्यता असते. मागचे टायर तरंगले तर गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जाऊन ती गरकन फिरते आणि सामान्य चालकाला ती सावरणे फार अवघड जाते. याच कारणाने दोनच नवे टायर घेतल्यास ते मागे बसवावेत, अशी टायर उद्योगाची शिफारस आहे. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीलाही ती लागू होते.

या शिफारशीमुळे अदलाबदलीची वेळ महत्त्वाची ठरते. वरील उदाहरणात १०,००० किलोमीटरला जागा बदलल्या तर मागे जाणारे टायर पुढे येणाऱ्या टायरांहून केवळ ०.८ मिलिमीटरने उथळ असतात. ३०,००० किलोमीटरपर्यंत काहीच केले नाही, तर पुढच्या टायरांत ३.२ आणि मागच्या टायरांत ५.६ मिलिमीटर खोली उरते. या टप्प्यावर जागा बदलणे म्हणजे सर्वांत घासलेले टायर मागे नेणे होय. फरक इतका वाढल्यावर अदलाबदल न करता पुढचे टायर वापरून संपवावेत, मागचे टायर पुढे आणावेत व नवी जोडी मागे बसवावी, हा अधिक सुरक्षित मार्ग ठरतो. ऐन पावसाळ्यापूर्वी हा विचार विशेषत्वाने करावा लागतो. टायर रोटेशनचा लाभ अशा प्रकारे ते आरंभापासून नियमित करण्यातच आहे.

प्रत्यक्ष कृती

सपाट व टणक जागी गाडी उभी करून हँडब्रेक लावला जातो आणि न उचललेल्या चाकांना अडसर दिला जातो. गाडी जमिनीवर असतानाच चाकांचे नट पान्याने थोडे सैल केले जातात व त्यानंतर गाडी उचलली जाते. गॅरेजमध्ये यासाठी लिफ्ट वापरतात. घरी हे काम करताना गाडी केवळ जॅकवर तोलून धरणे धोक्याचे असते. उचललेली बाजू भक्कम स्टँडवर टेकवणे आवश्यक असते. गाडीखाली कोणीही शिरू नये.

चाके नव्या जागी बसवताना नट आधी हाताने फिरवून मग समोरासमोरच्या क्रमाने आवळले जातात, जेणेकरून चाक सर्व बाजूंनी सारखे टेकते. शेवटची आवळणी गाडी जमिनीवर उतरवून टॉर्क पान्याने, उत्पादकाने दिलेल्या मापापर्यंत करतात. अति आवळल्यास बोल्ट ताणले जातात, तर सैल राहिल्यास चाक निखळू शकते. म्हणून ५० ते १०० किलोमीटर धावल्यानंतर नट पुन्हा तपासले जातात.

पुढच्या व मागच्या टायरांसाठी हवेचा दाब भिन्न सांगितलेला असल्यास तो नव्या जागेनुसार दुरुस्त करावा लागतो. दाबाची सूचना देणारी यंत्रणा असल्यास तीही नव्याने जुळवून घेतात. मागच्या चाकातील असंतुलन मागे असताना जाणवत नाही. तेच चाक पुढे आल्यावर स्टिअरिंग थरथरू लागते. त्यामुळे अदलाबदलीसोबत व्हील बॅलन्सिंग करून घेण्याची प्रथा आहे.

मर्यादा

टायर रोटेशन हा दोषांवरील इलाज नव्हे. अलाइनमेंट बिघडलेली असताना नुसत्या जागा बदलल्यास एकाऐवजी चारही टायर खराब होतात. हवेचा दाब नियमित न राखल्यासही तिचा लाभ मिळत नाही. रबर काळानुसार कडक होऊन त्याला चिरा पडतात, हेही अदलाबदलीने थांबत नाही. टायर कधी तयार झाला हे त्याच्या भिंतीवरील चार अंकांवरून कळते. पहिले दोन अंक आठवडा व नंतरचे दोन वर्ष दर्शवतात. उदाहरणार्थ, १५२३ म्हणजे २०२३ या वर्षाचा पंधरावा आठवडा. कमी धावणाऱ्या गाडीचे टायर नक्षी शाबूत असूनही वयोमानाने बाद होऊ शकतात.

अन्य वाहने

बहुतेक दुचाकींचे पुढचे व मागचे टायर माप व नक्षी या दोन्ही बाबतींत भिन्न असल्याने त्यांची अदलाबदल होत नाही. जुन्या गिअरच्या स्कूटर याला अपवाद होत्या. बजाज चेतकसारख्या स्कूटरच्या दोन्ही चाकांचे टायर व स्टेपनी एकाच मापाची असत आणि मागचा टायर झिजू लागला की तिन्हींच्या जागा बदलल्या जात.

ट्रक व बस यांत पुढच्या, म्हणजे दिशा देणाऱ्या चाकांना चांगले टायर लावून ते काही झिजल्यावर मागे नेण्याची पद्धत आहे. त्यानंतर सांगाडा शाबूत असल्यास त्यावर नवा ट्रेड चढवला जातो, ज्यास रिट्रेडिंग किंवा बोलीभाषेत रिमोल्डिंग म्हणतात. मागे जोडीने असलेल्या चाकांत दोन्ही टायरांचा व्यास सारखा असणे आवश्यक असते, अन्यथा मोठ्या व्यासाच्या टायरवर अधिक भार येऊन तो तापतो.

भारतातील नियम

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार चारचाकी वाहनांच्या टायरच्या खाचांची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा आणि दुचाकी व तीनचाकी वाहनांच्या बाबतीत ०.८ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. खाचांच्या तळाशी असलेले लहान उंचवटे ही मर्यादा दर्शवतात. बाजूची नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर बदलणे अनिवार्य ठरते. २०२० मधील दुरुस्तीनुसार ट्यूबलेस टायर, दाब दर्शवणारी यंत्रणा व पंक्चर दुरुस्तीचा संच असलेल्या ३.५ टनांपर्यंतच्या प्रवासी वाहनांना स्टेपनी बाळगण्याची सक्ती राहिलेली नाही. अशा गाड्यांत पाच चाकांची पद्धत लागू होत नाही.

टायर रोटेशन स्वतः कायद्याने बंधनकारक नाही. बंधनकारक आहे ती टायरची अवस्था. महाराष्ट्रात समृद्धी महामार्ग वाहतुकीस खुला झाल्यानंतर टायर फुटून होणाऱ्या अपघातांच्या पार्श्वभूमीवर परिवहन विभागाने २०२३ मध्ये प्रवेशाच्या ठिकाणी टायरांची तपासणी सुरू केली आणि घासलेले टायर असलेली वाहने परत पाठवण्याचे धोरण अवलंबले. चार टायरांपैकी एक जरी मर्यादेखाली गेला, तरी वाहन नियमबाह्य ठरते.

हेही पाहा

- टायर
- रेडियल टायर
- व्हील अलाइनमेंट
- अ‍ॅक्वाप्लेनिंग
- केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९